आमच्या विहिरीचे ओहम

व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम येतात आणि गुणलं की वॅट, हे मला शाळेने शिकवलं नाही. माझी शाळा व्हर्नाक्युलर फायनलला, म्हणजे सातवीला, संपली, आणि तिथे विजेचा विषय निघाला तो आभाळातल्या विजेचा. व्होल्ट-अँपिअर मला माझ्या थोरल्या भावाने, दादाने, आमच्या ओटीवर खडूने लिहून शिकवले. आता या वयात स्तोत्रं म्हणायला बसले तर मधल्या ओळी गळतात, पण तो भागाकार अजून तोंडपाठ आहे. नातवंडं हसतात. हसू देत.

आमची वाडी, म्हणजे बागायत, समुद्राजवळ वटारच्या बाजूला. घरामागे विहीर, विहिरीपलीकडे केळी आणि केळींच्या आड बाबांचा पानमळा. विड्याच्या पानांचे वेल म्हणजे फार नाजूक जात. ऊन जास्त झालं तर रुसतात, पाणी कमी झालं तर रुसतात, आणि मळ्यात वहाणा घालून कोणी शिरलं तर वेल मरतात अशी आमच्याकडे समजूत. बाबा मळ्याच्या तोंडाशी वहाणा काढायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे. एकदा पानांचा एक व्यापारी बुटांसकट आत शिरला, तेव्हा बाबांनी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं होतं. नंतर चहाही पाजला, पण आधी बाहेर आणलं.

आई आधीच गेली होती. घरात बाबा आणि मी. दादा मुंबईला एका गिरणीत वायरमन होता. वाडी सोडून तो वीज शिकायला गेला, हे बाबांना इतकं लागलं होतं की दादा सणाला घरी आला तरी ते त्याच्याशी माझ्यामार्फत बोलायचे. "त्याला विचार, भात वाढू का?" दादा हातभर अंतरावर बसलेला! मला दोघांचाही राग यायचा. दोघंही एकाच मातीचे, तोंडातून शब्द काढायचा तर जणू जिवावर यायचं.

दादाला बाबांकडून फार काही नको होतं. आपलं शिकणं वाया गेलं नाही एवढं त्यांनी एकदा म्हणावं, बस. तो हे कधी बोलला नाही, पण मला ते दिसायचं. कोणालाही दिसलं असतं.

बाबांना दमा होता. तरी पहाटे उठून बैल रहाटाला जुंपायचे आणि त्याच्यामागे गोल गोल फिरायचे. रहाट म्हणजे एक मोठं चाक, त्यावरून विहिरीत सोडलेली दोराची माळ आणि माळेला बांधलेली मातीची गाडगी. गाडगी भरून वर यायची, पन्हाळीत रिकामी व्हायची, तिथून पाणी पाटाने झाडांकडे. माळ दरवर्षी नवी वळायची, पण तिची लांबी ठरलेली. विहिरीच्या आतल्या अंगाला एक काळा धोंडा पुढे आलेला होता. गाडगी त्याच्या खाली कधी जात नसत. पाणी धोंड्याखाली उतरलं की गाडगी रिकामीच वर येत आणि बाबा बैल सोडत. "विहिरीला दम घेऊ दे," म्हणत. आजोबाही तेच म्हणत. ऐन वैशाखात केळी माना टाकत, तरी माळ हातभरही लांब करायचं कोणाच्या मनात आलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी कोणाला सांगता आलं नसतं.

रस्त्याने विजेचे खांब आले आणि पाठोपाठ दादा आला. कायमचा आला. खांद्यावर तारेचं भेंडोळं, पेटीत दोन मीटर, एक व्होल्ट मोजणारा, एक अँपिअर मोजणारा. बाबांसमोर उभा राहून म्हणाला, "विहिरीवर पंप बसवतो. तुम्ही आता रहाटामागे फिरायचं नाही." बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला विचार, बैल काय खाईल मग?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा, मला भाकऱ्या करायच्या आहेत. आणि खरंच आत गेले. थोड्या वेळाने ओटीवरून दोन पुरुषी आवाज ऐकू आले. चुलीपुढे बसून मी रडले, धुराचं निमित्त होतंच.

मोटर यायला वेळ होता, तेवढ्यात दादाने मला शिकवायला घेतलं. त्याला हिशेब करायला कोणीतरी हवं होतं आणि माझा भागाकार त्याच्यापेक्षा बरा होता. त्याने फरशीवर विहीर काढली, पाट काढला. "पन्हाळ जितकी उंच तितका पाण्याला जोर. तो जोर म्हणजे व्होल्ट. पाटातून किती पाणी वाहतं ते अँपिअर. आणि पाटात गवत माजलं की पाणी अडतं, तो अडथळा म्हणजे ओहम. जोर आणि वाहणं मोजता येतं. अडथळा डोळ्यांना दिसत नाही, तो भागाकाराने काढायचा."

बाबा खाटेवरून म्हणाले, "गवत माजलं तर काढ नं. भागाकार कनाला?" आमच्या बोलीत कनाला म्हणजे कशाला.

दादा हसला. त्या घरात तो पहिल्यांदा असा हसला असेल.

मोटर बसली त्या दिवशीचा हिशेबही मला आठवतो. घराजवळ, जिथे वीज आत यायची, तिथे मीटर दोनशे तीस व्होल्ट दाखवत होता. वाडीतून तार ओढत विहिरीपर्यंत नेली, मोटर चालू केली, तर तिथे दोनशे पाच. मोटर कण्हत होती, गरम होत होती. तारेतून पाच अँपिअर जात होते. दादाने मला हाक मारली. मी पदराला हात पुसत गेले. "मधले पंचवीस व्होल्ट कुठे गेले?" मी पंचविसाला पाचने भागलं. तारेत पाच ओहमचा अडथळा. मग पंचविसाला पाचने गुणलं. सव्वाशे वॅट. एवढी वीज तारेतच जिरत होती, नुसती तार तापवायला. "म्हणजे दोन दिवे उगाच जळतायत वाटेत," मी म्हटलं. मला उधळपट्टीची चीड आहे, मग ती विजेची का असेना. दादाने दुसऱ्या दिवशी जाड तार ओढली. मोटरचं कण्हणं थांबलं.

आणखी एक गंमत त्याने तेव्हाच दाखवली होती. आईची लोणच्याची काचेची बरणी त्याने धुऊन घेतली. तिच्यात तांब्याच्या दोन पट्ट्या ठरावीक अंतरावर सोडल्या, सहा व्होल्टची बॅटरी जोडली आणि मध्ये अँपिअरचा एक बारका मीटर, हजारावा भाग मोजणारा. बरणीत आमच्या विहिरीचं पाणी. काटा जेमतेम तीनवर हलला. मी भागलं: दोन हजार ओहम. मग त्याने राजोडीहून बाटलीत आणलेलं समुद्राचं पाणी ओतलं, आणि काटा धाडकन पार शेवटाला जाऊन टेकला. "गोड्या पाण्यातून वीज मुश्किलीने जाते," दादा म्हणाला. "मिठातून सुसाट." बाबा उठून आले, वाकून काटा बघितला. "म्हंजे आपली विहीर अडवते," ते म्हणाले. "गुनी हाय." आणि विहीर त्यांचीच लेक असल्यासारखे मिशीत हसले.

मग आमचे चांगले दिवस आले. बैल चांदीपला मामांकडे भाताच्या शेतीवर गेला. बाबा सकाळी खाटेवर पडून मोटरचा आवाज ऐकत. आयुष्यात पहिल्यांदा सूर्य उगवताना ते आडवे होते. खोकला कमी झाला. दादा अंगणातून जाऊ लागला की ते विचारत, "जुंपला कं तुझा बैल?" दादा म्हणे, "जुंपला, बाबा." रोज तेच विचारणं, तेच उत्तर. मी मुद्दाम काहीतरी काम काढून तेव्हा ओटीवर असायचे.

तो उन्हाळा कडक होता. पाणी काळ्या धोंड्याच्या खाली गेलं आणि पंपाच्या नळीने नुसती हवा ओढायला सुरुवात केली. मळ्याला पाणी हवं होतं. विहिरीत खाली तर पाणी चमकत होतं. मी काठावर उभी होते, दोघांचं बोलणं कानांनी ऐकलंय.

दादा म्हणाला, "रहाटाची माळ याच्या खाली का जात नव्हती?"

बाबा म्हणाले, "माल तेवढीच असते."

"पण का?"

"माला काय ठाव. माझ्या बापाची पन तेवढीच होती." मग बाबाच म्हणाले, "टाक तुझी नळी खाली. पानी दिसते नं डोल्यानं. वेल मारायचे कं?"

हे मी मुद्दाम लिहिते आहे. नळी खाली टाक म्हणून बाबा म्हणाले. दादाने आपल्या मनाने केलं नाही. लोकांनी पुढे जे बोलायचं ते बोलले, म्हणून लिहिते.

नळी खाली गेली आणि पाणी आलं, भरपूर आलं. दादाने एवढ्या उंचीवर एवढं पाणी चढवायला किती वॅट लागतात त्याचा हिशेब मांडला, मी तपासला, एकही आकडा चुकला नाही. आजूबाजूचे वाडीवाले बघायला आले. दादाने त्यांनाही पंप बसवून दिले. त्यांच्यासमोर बाबा म्हणाले, "पोरगा शिकलाय," पण ते शेजाऱ्याकडे बघून. दादा तेव्हा विहिरीत उतरलेला होता, त्याला ऐकू गेलं नाही. मी जेवताना सांगितलं तर म्हणाला, "तू उगाच काहीतरी जोडतेस."

पुढच्या वर्षी होळी झाल्यावर पानांच्या कडा तांबूस दिसायला लागल्या. आधी वाटलं उन्हाने. मग वाटलं रोग पडला. मग एक दिवस चहा पिता पिता बाबा थांबले. कप खाली ठेवला, उठले, विहिरीवर जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि तसेच उभे राहिले. गावातल्या कुठल्याही विहिरीचं पाणी ते डोळे मिटून ओळखायचे. देवळाजवळच्या विहिरीला लोखंडाची चव होती, आमच्या विहिरीला शहाळ्याची. असं ते म्हणायचे. मला सगळीकडचं पाणी सारखंच लागायचं.

"मचूळ लागते," ते म्हणाले.

दादाने पिऊन पाहिलं. त्याला काही कळलं नाही, मलाही नाही. आम्ही रोज तेच पीत होतो, जिभेला सवय झालेली. दादा आत गेला आणि फळीवरून आईची बरणी काढून आणली. त्याच पट्ट्या, तेच अंतर, तीच बॅटरी. काटा तीनवर थांबायला हवा होता. तो आठवर गेला.

"भाग," दादा म्हणाला.

सहा व्होल्ट, आठ हजारांश अँपिअर. साडेसातशे. विहिरीचे दोन हजार ओहम होते, त्यातले साडेसातशे उरले होते. मी आकडा सांगितला. बाबा ओटीच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "म्हंजे आता अडवत नाय?"

दादा बरणीतलं पाणी अंगणात ओतून आला.

आमच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावरच्या सायीसारखं. वरून हळूहळू काढलं तर ते भरत राहतं. जास्त खालून, जोरात ओढलं की खालचं खारं वर येतं. हे मला फार पुढे, केस पांढरे झाल्यावर, एका शिकलेल्या माणसाने समजावलं. तेव्हा ते आम्हा तिघांनाही माहीत नव्हतं. ते फक्त त्या दोराच्या माळेला माहीत होतं, आणि माळ आम्ही कधीच चुलीत घातली होती.

दादाने त्याच दिवशी पंप बंद केला. विहिरीला दम घ्यायला दिला. दर आठवड्याला बरणी काढायचा आणि मला हाक मारायचा. पावसानंतर काटा चारवर आला तेव्हा त्याने मला पुन्हा पुन्हा भागायला लावलं. दीड हजार, दीड हजार. त्या दिवशी मी गोड केलं. पण पाऊस सरला, आणि भोवतालचे सगळे पंप चालूच होते. दादानेच बसवलेले. तो घरोघर जाऊन विनवत होता, नळ्या वर घ्या, आमच्या धोंड्याच्या पातळीखाली जाऊ नका. लोक म्हणत, आधी लाव म्हणालास, आता लावू नको म्हणतोस. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांचं पाणी अजून गोड होतं. काटा दहावर गेला. मग वीसवर.

"भाग," दादा म्हणाला.

"तीनशे," मी म्हटलं. आणि मला बरणी उचलून दगडावर आपटावीशी वाटली. पण ती आईची होती.

त्यानंतर त्याने मोजलं नाही. वेल खालून वाळत गेले. एका दुपारी मी केळींपाशी उभी होते आणि बाबा मळ्याकडे जाताना दिसले. तोंडाशी पोचले. थांबले. खाली पायांकडे बघितलं. आणि वहाणा न काढता आत गेले.

मी माझ्या आईला शेवटचं नेताना पाहिलं आहे. पण आजही डोळे मिटले तर मला त्या वहाणा आधी दिसतात.

पिण्याचं पाणी आम्ही देवळाजवळच्या विहिरीवरून आणायला लागलो, मी दोन हंडे, दादा दोन. दादा बोलेनासा झाला. वाडीवर खारं पाणी सोसणारं काहीबाही लावायचा, गवत काढायचा, पण बाबांसमोर यायचा नाही. जेवायला माझ्याबरोबर चुलीपाशी बसायचा. बाबांनी एकदाही त्याला बोल लावला नाही, आणि मला वाटतं तेच त्याला सहन होत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर उभं राहून ऐकल्या असत्या. पंप मात्र त्याने काढला नाही. मोटर दर आठवड्याला पुसून ठेवायचा.

त्यानंतरचा दुसरा उन्हाळा संपता संपता बाबांचा दमा चढला तो उतरला नाही. डॉक्टर येऊन गेले, आणि जाताना मला बाहेर बोलावून जे सांगतात ते सांगून गेले. सकाळची वेळ होती. बाबा उशांना टेकून बसले होते, झोपता येत नव्हतं. मी पाण्याचं भांडं पुढे केलं तर त्यांनी मान हलवली.

"त्याला बोलाव."

दादा दारात येऊन उभा राहिला. कितीतरी दिवसांनी दोघं समोरासमोर.

"आपल्या हिरीचं पानी आन," बाबा म्हणाले. "तुझ्या हातानं."

दादाचा चेहरा बघवला नाही. तो तांब्या घेऊन गेला. विहिरीच्या दिशेने गेला खरा, पण केळींच्या आडून वळून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने आत आला. मी तिथे होते. त्याने देवळाजवळच्या विहिरीच्या हंड्यातून तांब्या भरला. माझ्याकडे बघितलं. मी बाजूला झाले. मरणाऱ्या माणसाच्या तोंडात खारं पाणी कसं घालायचं?

त्याने बाबांच्या डोक्यामागे हात घातला आणि तांब्या ओठाला लावला. बाबांनी घोट घेतला. वर्षाहून जास्त काळ रोज पीत होते ते पाणी, लोखंडाच्या चवीचं. त्यांनी तो घोट बराच वेळ तोंडात ठेवला. मग गिळला, आणि दादाकडे बघितलं. माझ्याकडे नाही, भिंतीकडे नाही, सरळ त्याच्याकडे.

"गोड झालं रे पानी," ते म्हणाले. "आता जुंप तुझा बैल. शिकलास तो कनाला?"

दादा त्यांच्या पायांवर डोकं ठेवून इतका रडला की शेजारी धावत आले. बाबांचा हात त्याच्या डोक्यावर होता. धाप लागत होती, तरी ते परत म्हणाले, "जुंप. माला ऐकू दे."

दादा उठला. डोळे न पुसता वाडीतून चालत विहिरीवर गेला आणि खटका दाबला. पुसून ठेवलेली मोटर पहिल्याच झटक्याला लागली. मी खिडकीतून बघत होते. पाणी पन्हाळीत पडलं, पाटात आलं आणि केळींच्या बुंध्यांना वळसा घालून वाळलेल्या मळ्याकडे निघालं. तीनशे ओहमचं खारं पाणी. तिथे मारण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

बाबांनी डोळे मिटले होते, पण ऐकत होते. बोटं चादरीवर मोटरच्या ठेक्यात हलत होती. मी ती बोटं बघत बसले. ती थांबली तेव्हा मी उठून मागच्या दारापर्यंत गेले आणि दादाला हात केला. त्याला कळलं. पण त्याने मोटर लगेच बंद केली नाही.